त्रास काहीच नाही, मग मधुमेहाची गोळी कशासाठी?

दुसऱ्याच कुठल्या कारणासाठी रक्त तपासलं आणि अहवालात साखर जास्त निघाली. टाइप टू मधुमेहाचं निदान अनेकांच्या वाट्याला असंच येतं. दुखत काही नसतं, रोजची कामं चालू असतात, आणि हातात मात्र रोज घ्यायच्या गोळीची चिठ्ठी असते. डॉक्टरांसमोर मान डोलावून माणूस बाहेर पडतो आणि खरे प्रश्न घरी पोचल्यावर सुरू होतात. खरंच गरज आहे का? एकदा सुरू केली की सुटणारच नाही का? किडनीवर परिणाम झाला तर? आधी वजन कमी करून पाहिलं तर? मग गोळ्यांचं पाकीट कपाटातच राहतं, किंवा दोन दिवस गोळी घेतली जाते आणि चार दिवस राहून जाते.

धडधाकट वाटणाऱ्या माणसाला कुणी रोज औषध घ्यायला सांगितलं, तर त्यानं कारण विचारणं रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली दीर्घकाळच्या आजारांवरील उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा विकसित देशांतसुद्धा सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात असं त्यात नोंदलं होतं. म्हणजे असे प्रश्न पडणारे तुम्ही एकटे नाही. मला काळजी वाटते ती हे प्रश्न मनातच ठेवून गोळी परस्पर बंद करणाऱ्यांची. म्हणून एकेक शंका घेऊन तिचं सरळ उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

## निदान पक्कं आहे का?

ही शंका आधी मिटवावी, कारण ती मिटवायला रक्ताच्या साध्या तपासण्या पुरतात. उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त, ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, यांपैकी काही निघालं तर तो मधुमेह मानतात.

एचबीएवनसी हा शब्द पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून तो समजून घेऊ. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तातली साखर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना साखर चिकटली, तो हा आकडा. म्हणून तो मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो आणि आदल्या दिवशी उपास केल्यानं खाली येत नाही.

लक्षणं नसताना एकाच आकड्यावर निदान करायचं नाही, असा नियम आहे. तीच तपासणी पुन्हा करून किंवा वेगळी तपासणी करून दुजोरा घ्यावा लागतो. तुमच्या बाबतीत तसं झालं नसेल तर मागून घ्या, त्यात संकोच नको. रक्तक्षय असेल, नुकताच बराच रक्तस्राव झाला असेल किंवा हिमोग्लोबिनचा जन्मजात दोष असेल तर एचबीएवनसी फसवं येऊ शकतं, तेही डॉक्टरांना सांगा.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. माणूस अंगानं बारीक आहे, वजन झपाट्यानं उतरतंय, सारखी तहान लागते, वारंवार लघवीला जावं लागतं, असं चित्र असेल तर तो टाइप वन मधुमेह असू शकतो. तो लहानपणीच होतो असं नाही, प्रौढ वयातही होतो. तिथे इन्सुलिनच लागतं आणि गोळ्यांवर वेळ काढणं जिवावर बेतू शकतं.

## मी रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळी साखर कशी वाढते?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याच्या उत्तरात आजाराचा बराचसा उलगडा आहे. रक्तातली साखर फक्त ताटातून येत नाही. आपण उपाशी असताना मेंदूला इंधन मिळत राहावं म्हणून यकृत रात्रभर थोडी थोडी साखर तयार करून रक्तात सोडत असतं.

या सगळ्यावर लगाम असतो इन्सुलिनचा. पोटामागे असलेलं स्वादुपिंड ते तयार करतं. जेवणानंतर साखर वाढली की इन्सुलिन दोन कामं करतं. स्नायू आणि चरबीच्या पेशींना साखर आत घ्यायला लावतं, आणि यकृताला साखर बनवणं थांबवायला सांगतं. टाइप टू मधुमेहात पेशी आणि यकृत इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं. काही वर्षं ते हा भार पेलतं, तोवर अहवाल नॉर्मल येत राहतात. मग त्याची ताकद कमी पडू लागते, तेव्हा कुठे आकडे वर जातात.

म्हणजे निदानाचा दिवस हा आजाराचा पहिला दिवस नसतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात नव्यानं निदान झालेले ५,१०२ रुग्ण होते. निदानाच्या वेळीच त्यांची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता सरासरी निम्म्याच्या आसपास आलेली आढळली. आपल्याला आज कळलं म्हणून आजार आज झाला असं वाटतं, पण शरीरात तो बराच आधीपासून मुरलेला असतो.

## पण मला काही होतच नाही

होत नाही याचं कारण अगदी यांत्रिक आहे. खूप तहान आणि वारंवार लघवी ही लक्षणं साखर लघवीतून बाहेर पडू लागली की येतात, कारण ती साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर जाईपर्यंत मूत्रपिंड जवळजवळ सगळी साखर परत रक्तात घेतात. त्यामुळे १५० किंवा १७० वर वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसाला काहीच जाणवत नाही.

जाणवत नाही म्हणून नुकसान होत नाही, असं मात्र नाही. भिंतीच्या आतला नळ बारीक झिरपत असला तर रंग बराच काळ तसाच राहतो. पोपडे निघतात तेव्हा आतली वीट कधीच भिजलेली असते, आणि नळ दुरुस्त केला तरी ती वीट पूर्वीसारखी होत नाही. डोळ्यांच्या पडद्यातल्या, मूत्रपिंडांतल्या आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जास्त साखरेमुळे असंच होतं. दृष्टी धूसर होणं, पायांना मुंग्या येणं किंवा बधिरपणा वाटणं हे पोपडे आहेत. तिथवर थांबलं तर औषध आणखी झीज रोखू शकतं, पण गेलेलं परत देईलच असं नाही.

लवकर आणि नेटानं साखर आवरली तर किती फरक पडतो? यूकेपीडीएसचे निकाल १९९८ साली आले. एका गटावर काटेकोर उपचार केले होते, दुसऱ्यावर त्या काळच्या पद्धतीनं. दहा वर्षांत पहिल्या गटाचं एचबीएवनसी सरासरी ७.० राहिलं आणि दुसऱ्याचं ७.९. एक टक्क्याहूनही कमी अंतर. तरी डोळे, मूत्रपिंड वगैरे सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी संबंधित गुंतागुंत पहिल्या गटात २५ टक्क्यांनी कमी होती.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे घडली. अभ्यास संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांच्या साखरेतला फरक नाहीसा झाला. तरीही या रुग्णांचा आणखी दहा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा सुरुवातीची वर्षं नीट सांभाळलेल्या गटात गुंतागुंत कमीच राहिली होती, आणि हृदयविकाराचे झटके आणि मृत्यूही कमी होते. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. "त्रास सुरू झाला की घेऊ गोळी" हा विचार नेमका इथे चुकतो. ज्या वर्षांत काहीच जाणवत नाही, तीच वर्षं सर्वांत मोलाची असतात.

मला याची एक दुसरी बाजूही मान्य आहे. प्रत्येक मधुमेहीला प्रत्येक गुंतागुंत होतेच असं नाही. गोळीमुळे तुमची नजर वाचली, हे तुम्हाला कधीच डोळ्यांनी दिसणार नाही, कारण जे घडलं नाही ते दिसत नसतं. डोकेदुखीची गोळी अर्ध्या तासात आपलं काम दाखवते. ही गोळी तसं करत नाही, आणि तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो याचं हे एक प्रामाणिक कारण आहे.

## ही गोळी शरीरात करते तरी काय?

बहुतेक नव्या रुग्णांना पहिली गोळी मिळते ती मेटफॉर्मिनची. तिचं मुख्य काम यकृतात चालतं. यकृत जी जादा साखर बनवत असतं, ती ही गोळी कमी करते आणि इन्सुलिनला शरीराचा प्रतिसादही काहीसा सुधारते. ती स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढत नाही. म्हणूनच ती एकटी घेतली तर साखर एकदम खाली घसरण्याची भीती फार कमी असते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. त्यांनी साखर घसरू शकते, म्हणून त्या घेऊन जेवण टाळायचं नसतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. सिटाग्लिप्टिनच्या गटातल्या गोळ्या जेवणानंतर इन्सुलिन वेळेवर सुटायला मदत करतात. सेमाग्लुटाइडसारखी औषधं भूक आणि वजन दोन्ही कमी करतात.

ओळखीच्या कुणाला वेगळी गोळी दिली आणि मला वेगळी, असं का, याचं उत्तर या यादीत आहे. हृदयविकार आहे का, मूत्रपिंड कसे आहेत, वजन किती, साखर घसरण्याचा धोका किती, यावरून औषध ठरतं. दुसऱ्याची गोळी आपल्याला चालेल असं धरून चालू नका.

## एकदा सुरू केली की आयुष्यभर सुटत नाही?

या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, शरीराला गोळीची सवय लागते ही. तसं होत नाही. या औषधांची तलफ येत नाही, आणि गोळी घेतल्यामुळे मधुमेह "पक्का" होत नाही. बंद केल्यावर साखर पुन्हा वाढते, कारण आजार तिथेच असतो.

इथेच सगळ्यात जास्त घडणारी चूक होते. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.४ येतं, माणूस म्हणतो, "आता नॉर्मल आहे," आणि गोळी थांबवतो. तो आकडा गोळीसकट आलेला असतो. गोळीशिवाय तो किती असेल हे त्या अहवालातून कळत नाही. ते जाणून घ्यायची इच्छा चांगलीच आहे, पण त्यासाठी डॉक्टरांना सांगून डोस कमी करायचा आणि ठरलेल्या तारखांना तपासणी करायची.

दुसरी गोष्ट, आयुष्यभर घ्यावी लागेल ही. अनेकांना घ्यावी लागते, आणि काळाबरोबर स्वादुपिंडाची ताकद घटत गेली तर औषध वाढवावंही लागतं. गोळीनं स्वादुपिंड थकवलं म्हणून असं होतं, हा समज चुकीचा आहे. यूकेपीडीएसमध्ये सुरुवातीला केवळ आहारावर ठेवलेल्या रुग्णांचीही साखर वर्षागणिक वाढतच गेली होती.

पण सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं असंही नाही. २०१७ साली डायरेक्ट नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या टाइनसाइड भागातल्या सुमारे ३०० जणांचा तो अभ्यास होता. मधुमेहाचं निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेले आणि इन्सुलिन न घेणारे लोक त्यात होते. त्यांतल्या अर्ध्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींचा आखीव आहार दिला. वर्षाअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांचं एचबीएवनसी औषधाशिवाय ६.५ च्या खाली होतं. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं.

मला हा अभ्यास फार आशादायक वाटतो, आणि त्यातले बाकीचे आकडेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवेत. दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ टक्के झाले. वजन परतलं तसा आजारही परतला. शिवाय त्या लोकांची औषधं बंद केली होती ती डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीत. या अवस्थेला "बरा झाला" म्हणत नाहीत, आजार शमला म्हणतात, आणि दर वर्षी तपासणी चालूच ठेवतात. मधुमेह जितका नवा, तितकी ही शक्यता जास्त. म्हणजे ज्याला गोळीतून सुटायची खरी ओढ आहे, त्याच्यासाठी पहिली काही वर्षं वाया घालवणं सगळ्यात महाग पडतं.

## मग आधी आहार आणि व्यायामच करून पाहिला तर?

काही जणांसाठी हे योग्य असतं. आकडे उंबरठ्याच्या जरासेच वर असतील, हृदय-मूत्रपिंड ठीक असतील आणि माणूस खरोखर बदल करायला तयार असेल, तर डॉक्टरही काही महिने तसं करून पाहायला हरकत घेत नाहीत. हे बोलून ठरवायचं असतं, एवढंच. किती महिने, वजन किती उतरायला हवं, एचबीएवनसी कितीच्या खाली यायला हवं, आणि नाही आलं तर गोळी कधी सुरू करायची, हे त्याच भेटीत लिहून घ्या. मुदत नसलेला प्रयोग पाहता पाहता दोन-तीन वर्षं चालतो.

एचबीएवनसी ९ किंवा १० असेल तर मात्र थांबण्यात अर्थ नाही. तिथे औषधानं साखर आधी खाली आणायची आणि जोडीला बाकीचं करायचं. साखर उतरली की थकवाही कमी होतो आणि चालायला-फिरायला बळ येतं.

गोळी घेतली म्हणजे मी पथ्यात हरलो, अशी एक खंत अनेकांच्या मनात असते. ती मनातून काढून टाकावी. टाइप टू मधुमेहात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. सारखंच खाणारे, सारखंच वजन असणारे दोघे जण असतात. एकाला मधुमेह होतो आणि दुसऱ्याला होत नाही. मनापासून प्रयत्न करूनही ज्याचं स्वादुपिंड पुरं पडत नाही, त्यानं औषध घेण्यात लाजण्यासारखं काहीच नाही. उलट बाजूही खरी आहे. गोळी चालू आहे म्हणून खाण्याकडे लक्ष नको, असं कुणी धरलं तर गोळी एकटी फार पुरत नाही.

## गोळ्यांनी किडनी खराब होते म्हणतात

ही भीती मी सगळ्यात जास्त ऐकली आहे, आणि ती का पसरली हेही समजण्यासारखं आहे. एखाद्याचे मूत्रपिंड कमजोर होतात, डॉक्टर त्याची मेटफॉर्मिन कमी करतात किंवा थांबवतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की त्या गोळीनंच नुकसान केलं असणार. प्रत्यक्षात मेटफॉर्मिन शरीरातून मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. ते मंदावले तर ती अंगात साठू लागते, म्हणून डोस कमी करावा लागतो. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता दाखवणारा ईजीएफआर हा आकडा ३० च्या खाली गेला की ती देत नाहीत.

मूत्रपिंड निकामी होण्याच्या जगभरातल्या प्रमुख कारणांत खुद्द मधुमेह आहे. त्याच्या जोडीला वाढलेला रक्तदाब. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर मूत्रपिंडांची घसरण मंदावतात, हे मोठ्या अभ्यासांत सिद्ध झालं आहे. आता त्या मधुमेह नसलेल्या काही मूत्रपिंडरुग्णांनाही देतात. किडनीच्या भीतीनं गोळी सोडणारा माणूस बहुतेक वेळा किडनीचा धोका वाढवून घेतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमचे मूत्रपिंड कसे आहेत हे अंदाजानं ठरवायची गरज नाही. वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकतात ते टाकाऊ द्रव्य) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासून घ्या. दुसरी तपासणी अनेकदा राहून जाते, आणि नुकसानीची पहिली खूण अनेकदा तिच्यातच दिसते.

## दुष्परिणामांचं काय?

दुष्परिणाम असतात. ते नाहीत असं सांगून कुणाला गोळी घ्यायला लावू नये.

मेटफॉर्मिननं सुरुवातीला मळमळ, पोटात गुडगुड, जुलाब होऊ शकतात, आणि ते बऱ्याच जणांना होतात. पहिल्या आठवड्यातच वैतागून कायमची बंद करण्याचं हे मोठं कारण आहे. यावर उपाय आहेत. कमी डोसनं सुरुवात करून हळूहळू वाढवायचं, जेवणाबरोबर घ्यायची, आणि तरीही जमलं नाही तर सावकाश विरघळणारा प्रकार मागायचा. तोही सोसला नाही तर दुसऱ्या गटाचं औषध मिळू शकतं. बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये जीवनसत्त्व बी-१२ कमी होऊ शकतं. त्याची कमतरता झाली तर पायांना मुंग्या येतात, आणि त्या मधुमेहाच्या समजल्या जातात, म्हणून अधूनमधून बी-१२ तपासून घ्यावं.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर घसरण्याची लक्षणं पाठ करून ठेवावीत. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, गोंधळल्यासारखं होणं. साखर ७० च्या खाली गेली तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हे घरातल्या माणसांनाही माहीत हवं. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांनी जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. क्वचित शरीरात आम्ल साठण्याची गंभीर अवस्था येते, ज्यात उलट्या, पोटदुखी, धाप लागते. तेव्हा साखरेचा आकडा फार जास्त नसला तरी लगेच दवाखाना गाठायचा.

एक प्रश्न गोळी सुरू करतानाच विचारून ठेवा: उलट्या-जुलाब झाले, खाणं-पिणं बंद झालं तर कोणती गोळी थांबवायची? शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना काही औषधं तात्पुरती बंद ठेवावी लागतात. शस्त्रक्रिया ठरली असेल, रंगद्रव्य टोचून स्कॅन करायचा असेल, गर्भधारणेचा विचार असेल, तेव्हाही हेच.

पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद वाचून घाबरणारेही खूप आहेत. युरोपात छापल्या जाणाऱ्या अशा कागदांवर प्रत्येक शब्दाला ठरलेला अर्थ असतो. "खूप सामान्य" म्हणजे दर दहांत एकाहून जास्त लोकांना, आणि "अतिशय दुर्मिळ" म्हणजे दर दहा हजारांत एकाहून कमी. मेटफॉर्मिनच्या कागदावर रक्तात आम्ल साठण्याचा जो गंभीर धोका असतो, तो या दुसऱ्या रकान्यात येतो. त्या भीतीमागे इतिहासही आहे. फेनफॉर्मिन ही याच कुळातली जुनी गोळी याच दोषामुळे १९७० च्या दशकात अनेक देशांतून मागे घेतली गेली. मेटफॉर्मिनवरही बराच काळ संशय राहिला. ब्रिटनमध्ये ती १९५८ पासून मिळत होती, पण अमेरिकेनं तिला मान्यता दिली ती थेट १९९४ साली.

## औषध कंपन्यांचा यात फायदा आहे ना?

आहेच. आणि ही शंका हवेतून आलेली नाही. रोझिग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी साखर उतरवत होती, पण २००७ साली तिच्यामुळे हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो का, असा गंभीर प्रश्न उभा राहिला. २०१० मध्ये युरोपात तिची विक्री थांबवली गेली. २००७ च्या त्या प्रश्नानंतर अमेरिकेच्या औषध नियामकानं २००८ पासूनच मधुमेहाच्या नव्या औषधांची हृदयाच्या दृष्टीनं वेगळी तपासणी मागायला सुरुवात केली. आज काही गोळ्या हृदयाला उपकारक असल्याचं आपल्याला ठामपणे सांगता येतं, ते याच तपासण्यांमुळे.

जास्त औषध म्हणजे जास्त चांगलं, असंही विज्ञान म्हणत नाही. उत्तर अमेरिकेतल्या अकॉर्ड अभ्यासात दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. एका गटाचं एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा जोरदार प्रयत्न झाला, त्या गटात मृत्यू जास्त दिसले आणि २००८ साली तो भाग थांबवावा लागला. तेव्हापासून वय, इतर आजार, साखर घसरण्याचा धोका पाहून प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं ठरवतात. तरुण, नव्यानं निदान झालेल्या माणसाला ६.५ चालेल, अनेक व्याधी असलेल्या वृद्धाला ८ सुद्धा पुरे. "माझं लक्ष्य किती आणि का?" हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

आणि मेटफॉर्मिनपुरतं बोलायचं तर ती एका कंपनीच्या हातात राहिलेली नाही. ती १९२२ सालीच प्रयोगशाळेत तयार झाली होती, १९५७ साली फ्रेंच डॉक्टर झाँ स्टर्न यांनी मधुमेहावर तिचा उपयोग दाखवला, आणि आज असंख्य कंपन्या ती बनवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे.

## नैसर्गिक उपायांवर भागवलं तर?

मेटफॉर्मिनचं मूळही एका वनस्पतीतच आहे. गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाचं जांभळट फुलांचं झुडूप युरोपात जुन्या काळापासून औषधी मानलं जाई. त्यातल्या साखर उतरवणाऱ्या द्रव्यावरून पुढे या कुळातली औषधं घडली. पण तेच झुडूप चरणाऱ्या गुराढोरांना विषारी ठरतं. उपयोगी द्रव्याचा सुरक्षित प्रकार शोधायचा, डोस ठरवायचा, हजारो माणसांत परिणाम मोजायचा, हे काम झाल्यावरच त्याची गोळी झाली. एखाद्या काढ्याच्या किंवा पावडरीच्या बाबतीत हे काम झालेलं नसेल, तर ती किती घ्यायची आणि किती दिवस, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं.

त्याहून मोठा धोका भेसळीचा. "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या पावडरींमध्ये साखर उतरवणाऱ्या आधुनिक गोळ्यांची पूड न सांगता मिसळलेली निरनिराळ्या देशांत सापडली आहे. मागे घेतलेलं फेनफॉर्मिनही त्यात आढळलं आहे. "पावडरीनं लगेच गुण आला" असं वाटतं, आणि आपण काय आणि किती घेतोय हे कुणालाच ठाऊक नसतं. असं काही घेत असाल तर लपवू नका, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

## साखरेची गोळी समजली, पण कोलेस्टेरॉलची कशाला?

चिठ्ठीवर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, किंवा रक्तदाबाची गोळीही दिसते आणि माणूस आणखी बिचकतो. मधुमेहींच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका हृदयविकार आणि पक्षाघाताचा असतो, आणि तो फक्त साखर उतरवून पुरेसा टळत नाही. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हे त्याचे मोठे वाटेकरी आहेत. प्रत्येकाला या गोळ्या लागतात असं नाही. मला का, एवढं विचारा.

## गोळी मधेच सोडली असेल तर

हे डॉक्टरांना सांगायला लोक कचरतात. ओरडतील, नाराज होतील असं वाटतं. मग तपासणीच्या आधी चार दिवस गोळ्या घेतल्या जातात आणि "नियमित घेतो" असं सांगितलं जातं. एचबीएवनसी मात्र तीन महिन्यांचा हिशेब देतं. डॉक्टर पाहतात की एवढ्या डोसवरही साखर आटोक्यात नाही, म्हणून ते डोस वाढवतात किंवा दुसरी गोळी जोडतात. आता हाच माणूस घाबरून सगळं नेमानं घ्यायला लागला, तर त्याला गरजेपेक्षा जास्त औषध जातं, आणि साखर घसरवणारी गोळी त्यात असेल तर तो रस्त्यात चक्कर येऊन पडू शकतो.

म्हणून पुढच्या भेटीला जाताना साधी गोष्ट करा. किती दिवस घेतली, किती दिवस राहिली आणि का राहिली, हे कागदावर लिहून न्या. पोट बिघडायचं, विसरायला व्हायचं, खर्च परवडत नव्हता, भीती वाटली, काहीही असो. पोट बिघडत असेल तर प्रकार बदलता येतो, विसर पडत असेल तर दिवसातून एकदाच घ्यायची गोळी देता येते, खर्चाची अडचण असेल तर त्याच औषधाचा जेनेरिक प्रकार लिहून देता येतो. भीती असेल तर तीही सांगा. त्या कागदावर खाली तीन प्रश्न लिहून ठेवा: माझं लक्ष्य किती, ते गाठलं तर डोस कधी कमी करून पाहायचा, आणि आजारी पडलो तर कोणती गोळी थांबवायची.